न्यूरबुर्गरिंग, १ ऑगस्ट १९७६: बहिष्काराचा फेटाळलेला प्रस्ताव आणि त्यानंतरची शर्यत (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

पश्चिम जर्मनीतल्या आयफेल डोंगररांगांत, न्यूरबुर्गच्या जुन्या किल्ल्याला वळसा घालत १९२५ ते १९२७ या काळात शर्यतीचा एक रस्ता बांधला गेला. त्या मागास भागातल्या बेकारांना काम मिळावं आणि मोटारींच्या शर्यती गावच्या रस्त्यांवरून हटाव्यात, असे दोन हेतू होते. या सर्किटचा उत्तरेकडचा भाग म्हणजे नॉर्डश्लाइफे. एका फेरीची लांबी २२.८ किलोमीटर, म्हणजे साधारण चर्चगेट ते अंधेरी. चढउतार जवळजवळ ३०० मीटरचे, वळणं दीडशेच्या वर आणि दोन्ही अंगांना जंगल. पिटसमोर, म्हणजे गाड्यांचे टायर-इंधन पाहिलं जातं त्या जागेसमोर, कोरडं ऊन असताना दहा किलोमीटरवर पाऊस कोसळत असणं इथे नेहमीचंच.

या रस्त्यानेच फॉर्म्युला वनला तिच्या सर्वांत मोठ्या दंतकथा दिल्या. १९५७ साली ४६ वर्षांचा हुआन मॅन्युएल फांगिओ अर्धी टाकी भरून सुटला. मध्येच इंधन आणि टायरसाठी थांबायचं, हा त्याच्या मासेराटी चमूचा डाव होता. तो थांबा रेंगाळला आणि फांगिओ बाहेर पडला तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे निघून गेल्या होत्या. मग त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांना गाठलं आणि साडेतीन सेकंदांनी शर्यत जिंकली. त्याचं पाचवं विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं. पुढच्याच वर्षी त्या दोघांपैकी पीटर कॉलिन्स याच सर्किटवरच्या अपघातात मरण पावला. १९६८ साली जॅकी स्ट्युअर्टने पाऊस आणि धुक्यात, दुखऱ्या मनगटाने, चार मिनिटांहून अधिक फरकाने शर्यत जिंकली. या ट्रॅकला ‘हिरवा नरक’ हे नाव त्यानेच दिलं.

न्यूरबुर्गरिंगबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथपर्यंतच थांबतात. मला रस आहे तो १९७० मध्ये आणि १९७६ मध्ये. त्या दोन्ही वर्षी चालकांसमोर जवळजवळ एकच प्रश्न होता, या रस्त्यावर धावायचं की नाही, आणि त्यांनी दोनदा दोन वेगळी उत्तरं दिली.

१९७० च्या जून महिन्यात ब्रूस मॅक्लारेन आणि पिअर्स करेज हे दोन चालक मरण पावले. पहिला चाचणीत, दुसरा शर्यतीत. चालकांच्या संघटनेने न्यूरबुर्गरिंगच्या व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं की कठडे बसवा, उंचवटे काढा, कडेची झाडंझुडपं मागे हटवा, नाहीतर आम्ही येत नाही. इतक्या कमी वेळात ते होणं शक्यच नव्हतं. मग जर्मन ग्रां प्रीच काही आठवड्यांत होकेनहाइमला हलली. ती योखेन रिंटने जिंकली. न्यूरबुर्गरिंगने वर्षभरात कामं केली आणि १९७१ मध्ये शर्यत परत मिळवली. बहिष्कार यशस्वी झाला, कुणाचं करिअर बुडालं नाही, ट्रॅकही सुधारला.

अडचण

सुधारणा झाल्या तरी रस्ता २२.८ किलोमीटरचाच राहिला. १९७६ चा वाद समजून घ्यायचा तर इथे जरा हिशेब मांडावा लागतो. दर शंभर मीटरला आग विझवणारा एक माणूस ठेवायचा म्हटलं तरी सव्वादोनशेहून अधिक माणसं लागतात, तीही ट्रॅकच्या एकाच बाजूला. ती प्रशिक्षित हवीत, अग्निरोधक कपड्यांत हवीत, संपर्कात हवीत. रुग्णवाहिका एका ठिकाणी उभी असेल आणि अपघात दहा किलोमीटर पुढे झाला असेल, तर तिला अरुंद रस्त्यावरून, थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत जायचं आहे. पाच-सहा किलोमीटरच्या मोंझासारख्या सर्किटला पुरणारी यंत्रणा इथे पसरवली तर ती चौपट विरळ होते. कठड्यांनी हे गणित बदलत नाही.

दरम्यान गाड्या प्रचंड वेगवान झाल्या होत्या. १९७५ च्या पात्रता फेरीत ऑस्ट्रियाचा चालक निकी लाउडा याने फेरारी ३१२ टी मधून ६ मिनिटं ५८.६ सेकंद अशी वेळ नोंदवली. नॉर्डश्लाइफेची फेरी सात मिनिटांच्या आत पूर्ण करणारा तो पहिला. फांगिओने १९५७ मध्ये विक्रम मोडला तेव्हा त्याला ९ मिनिटं १७.४ सेकंद लागले होते. अठरा वर्षांत सव्वादोन मिनिटांहून जास्त काळ कापला गेला आणि जंगल मात्र तिथेच होतं.

१९७६ च्या जर्मन शर्यतीआधी त्याच लाउडाने सहकाऱ्यांसमोर बहिष्काराचा प्रस्ताव ठेवला. हे सर्किट सांभाळण्याइतकी माणसं, अग्निशमन साहित्य आणि वाहनं संयोजकांकडे नाहीत, असा त्याचा मुद्दा होता. तो गतविजेता होता, त्या मोसमात गुणांमध्ये आघाडीवर होता आणि या ट्रॅकवरचा सर्वांत वेगवान माणूस होता. १९७३ मध्ये याच ट्रॅकवर त्याने मनगटही मोडून घेतलं होतं. प्रस्ताव बहुमताने फेटाळला गेला.

समोरचे पर्याय

प्रस्ताव का पडला, याला बहुतेक ठिकाणी एका ओळीचं उत्तर मिळतं: शौर्याचा पीळ. ते मला अपुरं वाटतं.

१९७० ची मागणी आणि १९७६ ची मागणी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी चालक म्हणत होते, तिकडे चला. होकेनहाइम तयार होतं, तिकिटं विकता येणार होती, जर्मनीची शर्यत जर्मनीतच राहणार होती, शर्यतीत उतरण्याबद्दल संघमालकांना मिळणारे पैसे बुडणार नव्हते. कामांची यादीही कागदावर होती, ‘एवढं करा, आम्ही परत येतो’ अशी. १९७६ मध्ये मांडलं गेलं ते फक्त ‘नको’. शर्यत नाही म्हणजे गुण नाहीत, बक्षीस नाही, प्रायोजकांना द्यायला उत्तर नाही. शिवाय कामांची यादीही देता येत नव्हती, कारण खरी तक्रार लांबीबद्दल होती आणि लांबी दुरुस्त होत नाही. १९७० ची मोहीम रेटणारा स्ट्युअर्ट १९७३ अखेर निवृत्त झाला होता. त्याच्या तोडीचा, कुणाच्याही रागालोभाची पर्वा न करता मुद्दा लावून धरणारा माणूस चालकांमध्ये उरला नव्हता.

आणि प्रस्ताव कुणी मांडला? ज्याला शर्यत रद्द झाल्याने गुणतालिकेत काहीच तोटा नव्हता त्याने. लाउडाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सर्वांत वेगवान माणसालाच सर्वांत स्पष्ट दिसतं की हा रस्ता किती माफ करतो आणि किती नाही. पण मागून पाठलाग करणाऱ्या चालकाच्या जागी बसून पाहिलं तर तो प्रस्ताव वेगळा दिसणारच. तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला असता तर मतं वेगळी पडली असती का, हे कुणी सांगू शकत नाही, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एक वर्ष आधीची ताजी आठवणही होती. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर कठडे नीट बसवलेले नाहीत म्हणून चालकांनी सरावाला नकार दिला होता. दबाव वाढला, एकी फुटली, शर्यत झाली. एमर्सन फिट्टिपाल्डी निषेध म्हणून शर्यतीआधीच बाजूला झाला. रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटून ती कठड्यापलीकडे उडाली आणि प्रेक्षक मेले. या अनुभवावरून दोन धडे घेता आले असते. ‘ऐन वेळचा बहिष्कार टिकत नाही’ हा एक, आणि ‘पुढच्या वेळी ऐन वेळेपर्यंत थांबायचं नाही’ हा दुसरा. बहुसंख्यांनी पहिलाच घेतला असं दिसतं.

‘धावा’ आणि ‘धावू नका’ यांच्या मधले मार्ग मात्र कुणी गांभीर्याने मांडल्याचं दिसत नाही. अंगावर अग्निरोधक कपडे असलेल्या माणसांची ठरावीक संख्या मागता आली असती. ट्रॅक अर्धा ओला असेल तर सुरुवात पुढे ढकलायची, अशी अट घालता आली असती. पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागे वैद्यकीय वाहन मागता आलं असतं. यातली शेवटची गोष्ट पुढे प्रत्यक्षात आली, पण दोन वर्षांनी आणि आणखी एका मृत्यूनंतर.

प्रत्यक्षात काय घडलं

रविवार, १ ऑगस्ट. अग्रस्थानी मॅक्लारेन चमूचा जेम्स हंट, शेजारी लाउडा. पाऊस पडून गेला होता, पण सगळीकडे सारखा नाही. रस्ता काही भागांत ओला, काही भागांत कोरडा. आता टायरचा निर्णय. पाच किलोमीटरच्या सर्किटवर टायर चुकला तर दीड मिनिटात पिटमध्ये येऊन बदलता येतो. इथे ती चूक सात-आठ मिनिटं अंगावर वागवावी लागते. जवळजवळ सगळ्यांनी पावसाळी टायर घेतले. घरच्या मैदानावर धावणारा योखेन मास मात्र गुळगुळीत, कोरड्या रस्त्याच्या टायरवर सुटला. त्याचा अंदाज बरोबर निघाला. रस्ता भराभर वाळला आणि पहिली फेरी संपेपर्यंत इतरांचे पावसाळी टायर ओझं झाले.

लाउडाची सुरुवात आधीच खराब झाली होती. पहिल्या फेरीनंतर तो पिटमध्ये आला, टायर बदलून घेतले आणि गेलेला वेळ भरून काढायला निघाला. नवे टायर अजून थंड, रस्त्याच्या सावलीतल्या पट्ट्यांत ओल शिल्लक.

दुसऱ्या फेरीत, बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे डावीकडे झुकणारा एक वेगवान तुकडा आहे. तिथे फेरारीचं मागचं अंग सुटलं, गाडी उजवीकडे उसळली, डोंगराच्या कडेवर आदळली आणि पेटून पुन्हा रस्त्याच्या मध्ये आली. गाय एडवर्ड्स कसाबसा निसटला. ब्रेट लंगरची सरटीस जळत्या फेरारीवर आदळली, हाराल्ड एर्टलही त्या गोंधळात सापडला. मागून आलेला आर्तुरो मेर्झारिओ गाडी सोडून धावला. आदळण्याच्या धक्क्याने लाउडाचं हेल्मेट निघून गेलं होतं. तो शुद्धीवर होता, पट्ट्यांत अडकलेला, आणि आग त्याच्या चेहऱ्याशी होती. मेर्झारिओने ज्वाळांत वाकून बकल सोडवलं आणि चौघांनी मिळून त्याला ओढून बाहेर काढलं. तोवर जवळपास मिनिटभर तो आगीत होता.

लाउडाने मीटिंगमध्ये सांगितलेलं सगळं त्या एका मिनिटात उघड्यावर आलं. तिथे पोचलेली खरी मदत म्हणजे चार चालक. त्यांच्या अंगावर शर्यतीचे अग्निरोधक सूट होते. तीन वर्षांपूर्वी झांडवोर्टला रॉजर विल्यमसन उलटलेल्या जळत्या गाडीत अडकला होता, तेव्हा डेव्हिड पर्ली एकटाच झुंजत राहिला होता आणि बाकीच्या गाड्या शेजारून जात राहिल्या होत्या. बेर्गवेर्कला रस्ताच अडल्यामुळे गाड्या थांबल्या. लाउडा वाचला यात चौघांच्या धाडसाइतकाच या योगायोगाचाही वाटा आहे. या अपघाताचं जे चित्रण आज पाहायला मिळतं तेही एका प्रेक्षक मुलाच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यातलं. बावीस किलोमीटरवर टीव्हीचे कॅमेरेही पुरत नव्हते, मग माणसं कुठून पुरणार?

कारणाबद्दल एकमत आजही नाही. मागच्या सस्पेन्शनचा भाग तुटला, असं मानणारे बरेच आहेत. थंड टायर आणि ओलसर पट्टा, एवढं पुरेसं होतं असंही म्हटलं जातं. या अभ्यासापुरतं सांगायचं तर गाडी का सुटली याने निष्कर्ष बदलत नाही. त्या काळात गाड्यांचे भाग तुटणं हे गृहीतच होतं आणि सुरक्षेची रचना ते गृहीत धरूनच व्हायला हवी होती.

शर्यत थांबवली गेली. आता आणखी एक निर्णय होता: पुन्हा सुरू करायची की नाही. ती पुन्हा सुरू झाली, पूर्ण १४ फेऱ्यांची. मेर्झारिओ आणि एडवर्ड्स, ज्यांनी थोड्या वेळापूर्वी माणूस आगीतून काढला होता, दोघेही गाडीत बसले. न्यूझीलंडच्या ख्रिस एमनने मात्र पुन्हा सुरुवात करायला नकार दिला. मदत किती उशिरा पोचते हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्याला आणखी पुरावा नको होता. हंट जिंकला, जोडी शेक्टर दुसरा आला, मास तिसरा.

निष्पत्ती

भाजण्यापेक्षा मोठा धोका फुप्फुसांना होता. लाउडाच्या श्वासावाटे तापलेला विषारी धूर आत गेला होता. अपघातानंतर काही वेळ उभा राहिलेला, बोललेला हा माणूस पुढे बेशुद्धीत गेला. मॅनहाइमच्या रुग्णालयात धर्मगुरूंनी मरणासन्न माणसासाठीचे ख्रिस्ती विधीही केले. उजव्या कानाचा बराचसा भाग गेला. पापण्यांपुरती शस्त्रक्रिया करून घेऊन बाकी चेहरा त्याने तसाच ठेवला, आणि पुढे आयुष्यभर लाल टोपी.

दोन शर्यती चुकल्या. १२ सप्टेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांनी, तो मोंझाला गाडीत होता. जखमा पुरत्या भरल्या नव्हत्या. चौथा आला. पहिल्या सरावात आपण भीतीने गारठलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

२४ ऑक्टोबरला जपानमधल्या फुजीला अखेरची शर्यत. हंट तीन गुणांनी मागे, पाऊस धो धो, ट्रॅकवर पाण्याचे लोट. सुरुवात लांबली, पण शेवटी दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून गाड्या सोडल्या. लाउडा दोन फेऱ्यांनी आत आला आणि उतरला. फेरारीचे मुख्य अभियंते माउरो फोर्गिएरी यांनी ‘इंजिन बिघडलं असं सांगू’ म्हणून वाट करून दिली. त्याने ती नाकारली. फिट्टिपाल्डी आणि कार्लोस पाचे यांनीही शर्यत सोडली. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने विश्वविजेता ठरला. न्यूरबुर्गरिंगला बहुमताने पडलेलं ‘नाही’ इथे त्याने स्वतःपुरतं अमलात आणलं. विजेतेपदाची किंमत मात्र त्याने एकट्यानेच मोजली.

सर्किटचं काय झालं? त्या अपघाताने नॉर्डश्लाइफे बंद पडली असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धसत्य आहे. तिथली फॉर्म्युला वन संपणार, याची चर्चा आधीपासून होती. सुरक्षेचा खर्च आणि टीव्ही प्रक्षेपणाची अडचण दोन्ही हाताबाहेर गेल्या होत्या. अपघाताने परतीचं दार लावलं, इतकंच. १९७७ ची जर्मन ग्रां प्री होकेनहाइमला झाली आणि ती लाउडाने फेरारीतूनच जिंकली. त्या वर्षीचं विजेतेपदही त्याचंच. पुढे १९८४ मध्ये तिसरंही आलं. त्याच वर्षी जुन्या ट्रॅकशेजारी साडेचार किलोमीटरचं नवं सर्किट उघडलं. जुन्या रस्त्यावर सहनशक्तीच्या शर्यती चालूच राहिल्या. १९८३ मध्ये श्टेफान बेलोफने तिथे पोर्श ९५६ मधून ६ मिनिटं ११.१३ सेकंदांची पात्रता फेरी काढली. २४ तासांची शर्यत आजही होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रश्न मांडण्याची. चालकांना ‘धावायचं का?’ असं विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलंच असतं, कारण नाही म्हणणाऱ्याची जागा घ्यायला दुसरा उभा असतो. ‘बेर्गवेर्कला गाडी पेटली तर पहिला माणूस किती सेकंदांत पोचेल?’ असं विचारलं असतं तर उत्तर द्यायची जबाबदारी संयोजकांवर आली असती. ते मोजता येण्याजोगं होतं. शर्यतीआधी एका ठिकाणी धूर सोडून घड्याळ लावलं असतं तरी कळलं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. १९७१ ला शर्यत परत देतानाच ‘गाड्या इतक्या वेगवान झाल्या की फेरविचार’ अशी अट हवी होती. १९७५ ची सात मिनिटांखालची फेरी हा त्या फेरविचाराचा क्षण होता. तेव्हा टाळ्या वाजल्या. एक संपूर्ण वर्ष हाती असताना पर्यायी सर्किट ठरवता आलं असतं. होकेनहाइम कुठे पळून जात नव्हतं.

तिसरी, पुन्हा सुरू करण्याच्या निर्णयाची. यावर माझं मत ठाम नाही. लाखांचा प्रेक्षक जंगलभर पसरलेला असताना शर्यत रद्द केली तर निघणाऱ्या गर्दीनेच रुग्णवाहिकांचे रस्ते अडले असते, हा युक्तिवाद अशा प्रसंगी नेहमी होतो आणि तो पोकळ नाही. पण सकाळी जी यंत्रणा अपुरी असल्याचं फक्त म्हटलं जात होतं, ती दुपारी अपुरी असल्याचं सिद्ध झालं होतं. त्यानंतर तीच माणसं, तेच साहित्य घेऊन पूर्ण अंतराची शर्यत घेण्याला काय आधार होता? निदान फेऱ्या कमी करायच्या होत्या.

पुढे १९७८ मध्ये सिड वॉटकिन्स या ब्रिटिश मेंदूशल्यविशारदाकडे फॉर्म्युला वनची वैद्यकीय व्यवस्था सोपवली गेली. त्या वर्षी मोंझाला रॉनी पीटरसनच्या अपघातानंतर मदत पोचायला पुन्हा उशीर झाला. खुद्द वॉटकिन्सना पोलिसांनी अडवलं. पीटरसन दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर वॉटकिन्सनी हेलिकॉप्टर, भूलतज्ज्ञ आणि पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग धावणारी वैद्यकीय मोटार यांचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. वॉटकिन्स स्वतः गाडी चालवत नव्हते, त्यांना गुण मिळवायचे नव्हते, आणि ते नाही म्हणाले तर त्यांची सीट घ्यायला रांगेत कुणी उभं नव्हतं.